खुर्चीत न बसलेली माणसं

४ जुलै

प्रिय काका,

पत्र बघून दचकू नका, सगळं ठीक आहे. फोनवर तुम्ही "हं" म्हणता, मग मी "हं" म्हणते, मग आई फोन घेऊन "हं" म्हणते, तेवढ्यात तुमच्याकडे गिऱ्हाईक येतं. निदान तुम्ही तसं सांगता. म्हणून म्हटलं, लिहूनच बघावं.

काम आहे. नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आम्हाला संख्याशास्त्र लावलंय. मी आले सुया टोचायला शिकायला, आणि पहिल्या चाचणीत मलाच टोचून घ्यावं लागलं. मॅडम म्हणाल्या, "ताप मोजता येतो गं, पण मोजलेल्या आकड्याचं पुढे काय करायचं?" आता स्वतः गोळा केलेल्या आकड्यांवर प्रकल्प करायचाय. मैत्रिणी एकमेकींची वजनं करतायत आणि त्यावरून रुसतायत. मला आपलं दुकान आठवलं. एका कटिंगला किती मिनिटं लागतात, एवढंच आठवडाभर मोजून कळवाल का? जी गोष्ट माणसागणिक बदलते तिला आमच्याकडे 'चल' म्हणतात. कटिंगची वेळ हा माझा चल.

बाबांना हे काम सांगितलं असतं तर त्यांनी घड्याळाशीच गप्पा मारल्या असत्या. तुम्ही मात्र मोजाल.

आई महिनाभरासाठी म्हणून आली होती, ती फेब्रुवारीपासून इथेच रमलीय. विचारतेय, भाऊजी वेळेवर जेवतात का.

मी मजेत. अभ्यास इतका आहे की सुट्टीतसुद्धा हलता येत नाही, नाहीतर कधीच येऊन गेले असते.

तुमची,
झिपरी


१५ जुलै

प्रिय झिपरे,

पत्र मिळालं. वहिनींना सांग, जेवतो.

सांगितल्याप्रमाणे वेळ मोजली. कापड अंगावर टाकल्यापासून मान झटकेपर्यंत. मिनिटं अशी: ८, १०, १०, ११, १२, ३३, ३५, ३७, ४२. लहानापासून मोठ्यापर्यंत लावून दिली आहेत.

आठ मिनिटं निवृत्त हेडमास्तरांची. त्यांच्या डोक्यावर आता कापण्यासारखं फारसं काही नाही, कात्री बहुतेक हवेतच चालते. पण ते दर आठवड्याला येतात आणि उठताना "थोडे जास्तच बारीक केलेत" म्हणतात. हा आकडा धरायचा की सोडायचा, ते तू ठरव.

दुकान ठीक आहे. डावीकडची खुर्ची माझी चालू आहे. उजवीकडची दादाची, तो गेल्यापासून तशीच आहे. त्याचं कापड घडी करून बैठकीवर ठेवलं आहे, सकाळी झाडताना झटकतो.

शेजारचा चष्मेवाला विचारत होता, दुकान मला देता का, मधली भिंत पाडून मोठं करीन. ऑक्टोबरअखेर सांगतो म्हटलं आहे. इस्पितळात पेशंटच्या दाढ्या करायला माणूस हवा आहे असंही त्यानेच कळवलं. तिथे बोलावं लागत नाही.

अभ्यास कर.

काका


२३ जुलै

प्रिय काका,

आठवड्यात नऊच?

पूर्वी नऊ माणसं दुपारच्या आत व्हायची. बाकावर जागा नसायची, लोक पायरीवर पेपर वाचत बसायचे. पण ते राहू दे, आधी हिशेब बघा.

तुमच्या आकड्यांची सरासरी निघाली बावीस मिनिटं. सगळी बेरीज, भागिले नऊ. ओळीत बरोबर मधोमध उभा असलेला आकडा म्हणजे मध्यक, तो बारा. आणि सगळ्यात जास्त वेळा आलेला तो बहुलक, म्हणजे दहा. एकच दुकान, आणि तिघं तीन गोष्टी सांगतायत, आपल्या घरच्यासारखं.

हेडमास्तरांना सोडायचं नाही. मॅडमचा नियम आहे: एखादा आकडा बाकीच्यांपेक्षा वेगळा आला म्हणून टाकून द्यायचा नाही. आधी तो तसा का आला ते विचारायचं.

चष्मेवाल्याचं तुम्ही इतकं सहज लिहिलंत की मी दोनदा वाचलं. आईला अजून सांगितलेलं नाही. तुम्हाला दुकान द्यायचंय का? हो किंवा नाही एवढंच लिहा. "हं" चालणार नाही.

झिपरी


५ ऑगस्ट

प्रिय झिपरे,

नाही. पण रिकामं दुकान उघडून बसायलाही जमत नाही.

तुझ्या सरासरीचा उपयोग करून पाहिला. वाटलं, लोकांना थांबायला लागतं म्हणून येत नसतील. फळ्यावर वेळा लिहिल्या. दहा वाजता एक, दहा बावीसला दुसरा, दहा चव्वेचाळीसला तिसरा. दारात टांगला.

पहिले हेडमास्तर. आठ मिनिटांत झाले. उठायला तयार नाहीत. म्हणाले, "फळ्यावर माझी बावीस मिनिटं आहेत. चौदा शिल्लक आहेत. मी बसणार."

"बसा," म्हटलं.

"नुसता बसू?"

"मग काय करू? केस संपले."

"तुमचा भाऊ असता तर चौदा मिनिटं कशी गेली कळलंही नसतं," असं म्हणाले आणि लगेच पेपर तोंडासमोर धरला. उलटा होता.

पुढचे वकील. त्यांना कात्रीची कटिंग लागते, शिवाय मिशी. त्यांचं अर्धं डोकं झालं आणि तिसरा माणूस घड्याळ दाखवत उभा राहिला. वकील म्हणाले, "लेखी दिलेली वेळ आहे, मी हिला आव्हान देऊ शकतो." तिसरा निघून गेला. दुपारी फळा काढला.

बावीस मिनिटं लागणारं गिऱ्हाईक मला अजून भेटलेलं नाही. मशीनवाल्यांना दहा-बारा लागतात, कात्रीवाल्यांना पस्तीसच्या पुढेमागे. मधे कोणी नाही. तू ज्याची सरासरी काढलीस तो माणूसच गावात राहत नाही.

काका


१४ ऑगस्ट

प्रिय काका,

पत्र वर्गात वाचून दाखवलं. मॅडमना इतकं हसू आलं की त्यांनी चष्मा काढून पुसला. म्हणाल्या, पुस्तकातल्या आठ पानांचं काम काकांच्या फळ्याने केलं. सरासरी नुसती कधी द्यायची नाही, आकडे किती पसरलेत तेही सांगायचं. सरासरीपासून प्रत्येक आकडा साधारण किती लांब पडतो ते मोजतात, त्याला प्रमाण विचलन म्हणतात. तुमच्याकडचे सगळे आकडे सरासरीपासून दहा मिनिटं तरी लांब उभे आहेत. शिवाय तुमच्याकडे एक घोळका नाही, दोन आहेत. दोन घोळक्यांची सरासरी मधल्या रिकाम्या मैदानात पडते. चूक माझीच, मी आकडे मांडून बघितलेच नाहीत.

आता प्रकल्पाचा विषय बदलतेय. कटिंगची वेळ गेली खड्ड्यात. 'गिऱ्हाइकं कमी का झाली', हा विषय. मॅडमनी मंजूर केलाय. येणाऱ्या प्रत्येकाला तीनच प्रश्न विचारा: काम पसंत आहे का? मी कमी बोलतो याचा त्रास होतो का? पुन्हा याल का?

लाजू नका. आई म्हणते, भाऊजींना माझ्या लग्नात मंडप कुठे आहे हे विचारायलासुद्धा माझा नवरा लागला होता.

झिपरी


३० ऑगस्ट

प्रिय झिपरे,

मंडप मला माहीत होता. चप्पल कुठे काढायची ते विचारायचं होतं.

दोन आठवडे सर्वांना तिन्ही प्रश्न विचारले. काम पसंत: सर्वांना. त्रास: कोणालाच नाही. पुन्हा येणार: सर्व. एकही तक्रार नाही. हेडमास्तर तर म्हणाले, "शांतता हेच या दुकानाचं वैशिष्ट्य आहे." पूर्वी दादाचा आवाज रस्त्याच्या पलीकडे जायचा तेव्हा हेच म्हणायचे की इथली चर्चा हेच वैशिष्ट्य.

म्हणजे माझ्याकडून काही कमी नाही. तरी बाक रिकामा. याचा अर्थ लोकांचं दुकानाशी काही नव्हतं, दादाशी होतं. ते बरोबरच आहे. गिऱ्हाइकं त्याला रेडिओ म्हणायची आणि मला रेडिओचं कपाट. रेडिओ नसताना कपाट बघायला कोण येईल.

चष्मेवाल्याला ऑक्टोबरअखेरची वाट न बघता हो सांगावं असं वाटू लागलं आहे. तुझा प्रकल्प मात्र पूर्ण झाला. मार्क चांगले पडावेत.

काका


६ सप्टेंबर

काका,

थांबा. चष्मेवाल्याला काहीही सांगू नका.

पहिली गोष्ट. हे प्रश्न तुम्ही कधी विचारलेत? आई म्हणाली, दाढी करताना विचारले असणार, कारण तेव्हा माणूस आरशात बघत नाही, डोळे मिटून असतो, म्हणजे तुम्हाला बरं. काका, गळ्यावर वस्तरा असताना "माझं काम पसंत आहे का" विचारल्यावर कोण नाही म्हणेल?

दुसरी गोष्ट मोठी आहे. मॅडमनी पत्र वाचलं आणि यावेळी हसल्या नाहीत. म्हणाल्या, "जे येतात त्यांनाच विचारलं, तर येण्यात अडचण नसलेलीच माणसं सापडणार." ज्या सगळ्यांबद्दल आपल्याला जाणून घ्यायचंय ती समष्टी. त्यातले थोडे निवडून विचारतो तो नमुना. आपली समष्टी म्हणजे खुर्चीत बसणारी माणसं नाहीत. आपली समष्टी म्हणजे बाबांची सगळी गिऱ्हाइकं. तुम्ही ज्यांना विचारलंत त्यांच्यात ज्याचं उत्तर हवं होतं असा एकही नव्हता. अशा एका बाजूला कललेल्या नमुन्याला अभिनत म्हणतात.

तर असं करा. बाबा ज्यांचे ज्यांचे केस कापायचे त्या प्रत्येकाची एक चिठ्ठी करा. बाबांच्या साबणाच्या वाडग्यात घाला, नीट ढवळा, डोळे मिटून दहा काढा. याला यादृच्छिक नमुना म्हणतात, म्हणजे प्रत्येकाला निघायची सारखी संधी. तुम्ही निवडायचं नाही, नाहीतर तुम्ही कमी बोलणारे तेवढे निवडाल. मग त्यांच्याकडे जायचं. ते येणार नाहीत, तुम्हीच जायचं. आणि वस्तरा न्यायचा नाही.

दोन नियम. एकालाही वगळायचं नाही. आणि निघालेली चिठ्ठी नको वाटली म्हणून परत टाकायची नाही.

झिपरी


२४ सप्टेंबर

प्रिय झिपरे,

चिठ्ठ्या करायला दोन दिवस गेले. दादाचं माणूस आठवलं की त्याची कटिंग आठवायची, आणि मग त्याची बडबड. वाडग्यात मावेनात, पातेलं घ्यावं लागलं.

पहिली चिठ्ठी घड्याळवाल्याची. त्याच्या दुकानापुढून पाचदा गेलो असेन. शेवटी त्यानेच हाक मारली. डोळ्याला भिंग लावून बसला होता. केस कानावर आले होते, आणि भिंगावर येऊ नयेत म्हणून बायकोची पिन लावली होती.

"घड्याळ बंद पडलं का?"

"नाही. केस फार वाढले तुमचे."

"वाढणारच. त्यांना दुसरं काम काय."

"दुसरीकडे जाता का हल्ली?" मी विचारलं.

"दुसरीकडे गेलो असतो तर ही पिन लावून बसलो असतो का, मालक?"

मग भिंग काढून म्हणाला, "आलो होतो की. दोनदा आलो. तुम्ही 'बसा' म्हणालात आणि तुमच्या खुर्चीकडे हात केलात. समोर आरशात त्याची खुर्ची, वर घडी घातलेलं कापड. इतकी वर्षं तिच्यात बसलो. म्हटलं, शेजारी बसलो तर त्याला काय वाटेल? आणि तिच्यातच बसतो म्हटलं तर तुम्हाला काय वाटेल? मग किल्ली विसरलो म्हणालो आणि परत फिरलो."

मला आठवलं. किल्लीच म्हणाला होता. दोन्ही वेळेला. मी समजलो, माझ्याकडून कापून घ्यायला नको म्हणून कारण सांगतोय.

औषधवाला दुकानात लोकरीची टोपी घालून उभा. बाहेर ऊन. त्याची बायको म्हणाली, "तुम्ही तरी सांगा यांना. औषध घ्यायला आलेली माणसं यांनाच विचारतात, बरं नाही का." तो म्हणाला, "अहो, तुमच्याकडे येऊन बोलू काय? त्याचा विषय काढला तर तुम्हाला त्रास. नाही काढला तर मी दगड. त्यापेक्षा टोपी बरी."

सुतार म्हणाला, "तुम्ही ती खुर्ची उघडाल तेव्हा येऊ म्हटलं. घाई कशाला." त्याचे केस मागे दोरीने बांधलेले होते. दोरीला रंध्याचा भुसा लागलेला.

नऊ जणांकडे गेलो. एक जण खरंच दुसरीकडे जातो, तिथे थंड हवेचं मशीन आहे म्हणाला. बाकी आठ जणांचे केस वाढलेलेच. हे सगळे मला रोज रस्त्यात दिसत होते. मी मान खाली घालून जात होतो, आणि मला बघून तेही मान खाली घालत होते. दोन्हीकडून माना खाली, मग केस दिसणार कसे.

घड्याळवाल्याचे तिथेच स्टुलावर बसवून कापले. वस्तरा नव्हता, तुझ्या नियमाप्रमाणे. कात्री खिशात असतेच. त्याने दादाच्या गोष्टी सांगितल्या. मला माहीत असलेल्याच होत्या. ऐकल्या.

आता दहावी चिठ्ठी. ती उघडली तर तुझी निघाली.

मीच लिहिली होती. दादाच्या गिऱ्हाइकांत तू होतीस. लहानपणी खुर्चीवर आडवी फळी टाकून बसायचीस, कॉलेजला गेलीस तरी कटिंगला इथेच. नाव झिपरी आणि केस कधी मानेखाली गेले नाहीत. एकालाही वगळायचं नाही असं तू लिहिलं होतंस, म्हणून तुलाही घातलं. चिठ्ठी परत टाकावी असं वाटलं होतं. पण नियम तुझाच आहे.

तेव्हा विचारतो. फेब्रुवारीपासून दुकानात का आली नाहीस?

उत्तराची घाई नाही.

काका


८ ऑक्टोबर

भाऊजी,

तुमचं पत्र मिळालं. ती उत्तर लिहिते आणि फाडते. टोपली भरली. विचारलं तर "परीक्षा आहे" म्हणते. परीक्षा मागच्या आठवड्यातच संपली. सुट्ट्याही तिला मिळत होत्या, हे मला काय माहीत नव्हतं? मीही काही बोलले नाही. मलाही ते दार उघडून आत जायचं नव्हतं, म्हणून तिच्या अभ्यासाच्या आडोशाला बसून राहिले.

तुम्ही विचारलंत ते बरं झालं. वाट बघा.

वहिनी


१५ ऑक्टोबर

प्रिय काका,

काम पसंत आहे का: आहे. तुम्ही कमी बोलता याचा त्रास होतो का: नाही. पुन्हा येणार का: इथे मी आठवडाभर अडकले.

जुलैत मी इथल्या एका सलूनमध्ये गेले होते. वॉर्डात केस जाळीत मावेनात, सिस्टर ओरडल्या. खुर्चीत बसले. तिथल्या मुलीने विचारलं, "कसे कापू?" आणि काका, मला सांगताच येईना. मला कोणी हे कधी विचारलंच नव्हतं. बाबा विचारायचे, "काय म्हणतंय कॉलेज?" आणि उठेपर्यंत केस झालेले असायचे. मी त्या मुलीला म्हटलं, पर्स विसरले. पर्स मांडीवर होती.

घड्याळवाल्याची किल्ली आणि माझी पर्स. मॅडमना मी अभिनत नमुन्याची व्याख्या तोंडपाठ म्हणून दाखवली होती.

वेणी येते आता. रविवारी सकाळच्या गाडीने आई आणि मी येतोय. दुकान इतर लोकांसाठी बंद ठेवू नका, मला बाक भरलेला हवाय. कुठे बसायचं ते मी विचारणार नाही. कसे कापायचे ते तुम्ही विचारू नका.

झिपरी


३० ऑक्टोबर

प्रिय झिपरे,

वहिनींनी वरच्या खोल्या उघडल्या आहेत. मला दोन वेळा जेवायला हाक मारतात, एकदा उशीर झाला तर जिन्यातून ओरडतात. दुकानात ऐकू येतं. हेडमास्तर म्हणाले, पूर्वीसारखं वाटतं.

तू गेल्यावर दुसऱ्या दिवशी सुतार आला. "बसा" म्हटलं आणि हात कुठेच केला नाही. तो दादाच्या खुर्चीत बसला. मी तिकडे गेलो. कात्री माझीच, कापड दादाचं. मग औषधवाला आला. आता रिकामी असेल त्या खुर्चीत लोक बसतात आणि मी मधे फिरतो. पाय दुखतात. बोलायचं काम बाकावरचे लोक आपापसात करतात, मी मधून "हं" म्हणतो. तेवढ्याने चालतं असं दिसतं.

चष्मेवाला काल उत्तर मागायला आला. त्याला नाही म्हटलं. तो म्हणाला, मग निदान कटिंग करा, शेजारी असून चार महिने लाजत होतो.

प्रकल्पासाठी तू इथल्या कटिंगच्या वेळा पुन्हा मागितल्या होत्यास. सोबत पाठवतो. मशीनवाले आणि कात्रीवाले वेगवेगळे लावले आहेत, आता मधली बावीस मिनिटं निघणार नाहीत.

एक आकडा दोन्हींत बसत नाही. रविवार, दादाची खुर्ची, एक तास दहा मिनिटं. केस तेवढे नव्हते. मधे दोघांनाही थांबावं लागलं.

मॅडम विचारतील की हा आकडा इतका वेगळा का. कारण सांग, पण टाकून देऊ नकोस.

काका